बीजांड पिकते कसे?

पहिला पाड पडल्यावाचून जाणता बागाईतदार हापूसच्या झाडाला हात लावीत नाही. पाड पडला की फळ आतून तयार झाले हे तो ओळखतो. मग ते उतरवून गवताच्या आढीत घातले म्हणजे थोड्याच दिवसांत रंग, वास आणि गोडी ही तिन्ही बरोबरच येतात. घाईने उतरवलेले कोवळे फळही आढीत पिवळे पडते. परंतु ते सुरकुतते आणि कापल्यावर आंबट निघते. रंग आला म्हणजे फळ पिकले असे नव्हे, हा धडा बाजारात एकदा फसलेल्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असतो. नेमका हाच धडा जीवशास्त्रज्ञांना गेल्या नव्वद वर्षांत एका अतिशय लहान वस्तूने शिकवला. ती वस्तू म्हणजे सस्तन प्राण्याच्या मादीचे बीजांड. आणि धडा सर्वांत कठोरपणे शिकवणारे बीजांड म्हणजे डुकरिणीचे.

डुक्कर म्हटले की पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. दाढेवर पृथ्वी उचलून धरणारा वराह पुराणात पूज्य, पण गावकुसाबाहेरचा त्याचा वंशज मात्र अस्पृश्य, अशी आपल्याकडची रीत आहे. वैद्यकशास्त्राला ही रीत परवडत नाही. डुकराचे हृदय, मूत्रपिंड व रक्तवाहिन्या आकाराने आणि कार्याने माणसाच्या अवयवांशी पुष्कळ मिळत्याजुळत्या आहेत. त्यामुळे मानवी रोगांचा अभ्यास करण्यासाठी आणि अलीकडे मानवी शरीरात बसवता येतील असे अवयव वाढवण्यासाठी संशोधक डुकराकडे वळले. त्यासाठी डुकराच्या जनुकांत इष्ट बदल करावे लागतात, आणि असा बदल केलेला प्राणी जन्माला घालायचा तर आरंभ बीजांडापासून करावा लागतो. बीजांडांचा तुटवडा नाही. मांसासाठी मारलेल्या माद्यांची अंडाशये कत्तलखान्यात टाकूनच दिली जातात. अडचण आहे ती ही, की ही बीजांडे कच्ची असतात, आणि त्यांना आढीत घालून पिकवण्याची विद्या फार दिवस अपुरी होती.

हे कच्चेपण म्हणजे काय, ते आधी पाहिले पाहिजे. डुकरिणीच्या अंडाशयात जन्माच्या सुमारासच हजारो बीजांडे साठवलेली असतात. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे जे विशेष विभाजन, ते त्यांनी आरंभलेले असते. पण ते अर्ध्यावर टाकून ती निद्रिस्त होतात. प्रत्येक बीजांडाभोवती पेशींची एक पिशवी वाढत जाते व तिच्यात द्रव साठतो. हिला पुटक म्हणतात. पूर्ण वाढलेले बीजांड मिलिमीटरच्या सुमारे आठव्या भागाएवढे असते. त्याला एक पारदर्शक कवच असते आणि कवचाबाहेर लहान लहान पेशींचा दाट पुंज बिलगलेला असतो. पुंजाला लॅटिनमध्ये क्युम्युलस म्हणतात, म्हणून ह्या पेशींनाही तेच नाव मिळाले. क्युम्युलस पेशी केवळ शेजारी बसलेल्या नसतात. त्या कवचातून बारीक तंतू आत घालतात, त्यांची टोके बीजांडाच्या त्वचेला टेकवतात आणि तेथल्या सूक्ष्म दारांतून अन्न व संदेश आत पोचवतात. बीजांडाची ही दाईच म्हणावी.

ही निद्रा मोडते कशी? १९३५ साली ग्रेगरी पिंकस आणि एन्झमन ह्या दोघांनी सशाचे बीजांड पुटकातून काढून काचेच्या बशीत ठेवले, तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. बीजांडाला कोणी जागे केले नाही, तरी ते आपण होऊनच जागे झाले. पुढे १९६५ साली रॉबर्ट एडवर्ड्स ह्यांनी उंदीर, मेंढी, गाय, डुक्कर, माकड आणि मानव अशा अनेक जातींच्या बीजांडांवर हाच प्रयोग करून तोच अनुभव नोंदवला. ह्याच एडवर्ड्स ह्यांच्या परिश्रमांतून १९७८ साली प्रयोगशाळेत गर्भधारणा झालेले पहिले मानवी अपत्य जन्मले, आणि २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या प्रयोगांचा अर्थ उघड होता. बीजांड स्वभावतः झोपाळू नाही. पुटकच त्याला थोपटून झोपवीत असते.

हे थोपटणे कोण करते, ह्याचे उत्तर मिळण्यास पाऊण शतक लागले. पुटकाच्या भिंतीतील पेशी सी-नॅट्रियुरेटिक पेप्टाइड नावाचे एक छोटे प्रथिन स्रवतात. क्युम्युलस पेशी ते ओळखतात आणि सायक्लिक जीएमपी नावाचा पदार्थ तयार करून सूक्ष्म दारांतून बीजांडात सोडतात. त्याच्यामुळे बीजांडातील निद्राकारक सायक्लिक एएमपीचा नाश होत नाही, आणि निद्रा टिकते. २०१० साली हे उंदरांत सिद्ध झाले व नंतर डुकरिणीच्या बीजांडांतही त्याचे प्रत्यंतर आले. बीजांड बाहेर काढताच प्रथिनाचा हा पुरवठा थांबतो, म्हणून ते जागे होते. पण हे जागे होणे म्हणजे दचकून उठणे होय. पाड लागण्याचा तो प्रकार नव्हे.

शरीरात जागृतीचा क्रम निराळा आहे. डुकरीण दर एकवीस दिवसांनी माजावर येते. त्या वेळी मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी ल्युटिनायझिंग संप्रेरकाची मोठी लाट रक्तात सोडते. हे संप्रेरक थेट बीजांडाशी बोलत नाही. ते पुटकाच्या भिंतीला सांगते. भिंतीतील पेशी अँफिरेग्युलिन, एपिरेग्युलिन अशी प्रथिने मोकळी करतात. आणि ती प्रथिने क्युम्युलस पेशींच्या दारावर थाप मारतात. दरबारातील आज्ञा जशी सुभेदाराकडून मामलेदाराकडे आणि तेथून पाटलाकडे जावी, तसाच हा प्रकार आहे. ही साखळी २००४ साली प्रथम उंदरांत उलगडली, आणि डुकरिणीच्या पुटकांतही अशीच साखळी आहे हे जपानी संशोधकांनी २००७ साली दाखवले. ही प्रथिने ज्या कुळातील आहेत त्याचा मूळपुरुष स्टॅन्ली कोहेन ह्यांना सापडला होता. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला असता त्यांचे डोळे वेळेआधीच उघडतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यावरून त्यांनी एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर हे प्रथिन शोधून काढले. १९८६ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. पिलाचे डोळे उघडणाऱ्या प्रथिनाच्या भाऊबंदांनीच बीजांडाला जागे करावे, हा योगायोग मोठा सुंदर आहे.

परंतु ह्या व्यवहारात बीजांड केवळ आज्ञाधारक असते, असे समजणे चूक होईल. तेही बोलत असते. जीडीएफ-९ आणि बीएमपी-१५ ही दोन प्रथिने ते स्वतः स्रवते, आणि त्यांच्या प्रभावाखाली क्युम्युलस पेशींची वाढ व वर्तन चालते. दाईने बाळाला सांभाळावे आणि बाळाने दाईला कामाला लावावे, असा हा परस्परसंबंध आहे. त्याचे महत्त्व मेंढ्यांनी पटवून दिले. न्यूझीलंडमधील काही मेंढ्यांत बीएमपी-१५ च्या जनुकात दोष आढळला. दोष एकेरी असला तर मेंढी अधिक बीजांडे सोडते. दुहेरी असला तर ती वांझ राहते. ह्या प्रथिनकुळाचा संदेश ऐकणाऱ्या ग्राहकाच्या जनुकातील असाच एक बदल बंगालच्या सुंदरबनातील गारोल मेंढीत आहे. तोच बदल फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने संकराने दख्खनी मेंढीत आणला. एरवी एका वेतात बहुधा एकच कोकरू देणारी ही मेंढी त्यामुळे पुष्कळदा जुळी देऊ लागली. बीजांड आणि त्याच्या सोबतिणी ह्यांच्यातील कुजबुज धनगराच्या कळपापर्यंत कशी पोचते, ह्याचे हे आपल्या घरचे उदाहरण होय.

आता पुन्हा डुकरिणीकडे वळू. जागृतीचा संदेश पोचल्यावर क्युम्युलस पेशी एक चिकट, मऊ द्रव्य स्रवतात व फुलून एकमेकींपासून दूर सरतात. बीजांडात खुपसलेले त्यांचे तंतू हळूहळू मागे ओढले जातात. थोपटणारा हात निघतो आणि बीजांडाचे केंद्रक विरघळते. उंदराच्या बीजांडाला येथवर येण्यास दोन-चार तास पुरतात. डुकरिणीच्या बीजांडाला जवळजवळ एक दिवस लागतो. पुढे गुणसूत्रांची वाटणी होते, निम्मी गुणसूत्रे एका इवल्याशा पेशीत बाहेर टाकली जातात, आणि संप्रेरकाच्या लाटेनंतर सुमारे चाळीस तासांनी पुटक फुटून बीजांड अंडवाहिनीत उतरते. तेथे ते शुक्राणूची वाट पाहत पुन्हा थबकते.

सूक्ष्मदर्शकातून जे दिसते ते एवढेच; आणि संशोधक बरीच वर्षे फसले तेही येथेच. केंद्रक विरघळले, वाटणी झाली, म्हणजे बीजांड पक्व झाले असे ते मानीत. वस्तुतः हा केवळ आंब्याचा रंग होय. गोडी निराळीच असते, आणि ती केंद्रकाभोवतीच्या पेशीद्रव्यात भरावी लागते. ह्याचे कारण असे की फलन झाल्यावर गर्भाची स्वतःची जनुके लगेच बोलू लागत नाहीत. डुकराचा गर्भ एकाचा दोन आणि दोनांचा चार पेशींचा होईपर्यंत आईने बीजांडात बांधून दिलेल्या शिदोरीवरच जगतो. चार पेशींच्या अवस्थेत त्याची स्वतःची जनुके खऱ्या अर्थाने जागी होतात. शिदोरी अपुरी असली, तर नेमक्या ह्याच वळणावर वाढ खुंटते. प्रयोगशाळेत असंख्य गर्भ चार पेशींवर अडून मेले, ते रोगाने नव्हे, उपासमारीने. दोष गर्भाचा नव्हता; दोन दिवस आधी बीजांड पिकवताना राहून गेलेल्या उणिवेचा होता.

प्रयोगशाळेत पिकवून फलित केलेल्या बीजांडांपासून डुकराची पिले जन्मास आल्याचे वृत्त १९८९ साली इटलीतील संशोधकांनी प्रसिद्ध केले. रीत ठरून गेली. अंडाशयावरील तीन ते सहा मिलिमीटरच्या पुटकांतून सुईने बीजांडे ओढायची, क्युम्युलस पेशींसह पोषक द्रावणात चाळीस-चव्वेचाळीस तास ठेवायची, आणि मग फलन करायचे. द्रावणात पुष्कळदा पुटकांतलाच द्रव मिसळीत, कारण त्याने गुण येई. पण त्यातील कोणत्या घटकामुळे गुण येतो हे कळत नसे. शिवाय एका घाण्यातील द्रव दुसऱ्यासारखा नसे. आजीबाईच्या काढ्याने ताप उतरावा, पण काढ्यात काय घातले ते आजीलाही सांगता येऊ नये, अशी स्थिती होती. त्यातच कत्तलखान्यातील माद्या बहुधा वयात न आलेल्या असत, आणि त्यांची बीजांडे प्रौढ मादीच्या बीजांडांपेक्षा दुबळी ठरत.

ही कोंडी फोडण्यास मोठा हातभार लागला तो अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात. तेथील मायकेल रॉबर्ट्स, रँडल प्रेथर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काढा बाजूला ठेवला आणि ज्याचा प्रत्येक घटक ज्ञात आहे असे द्रावण घेतले. त्यात तीन संदेशवाहक प्रथिने एकत्र घातली. पहिले फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर-२, दुसरे ल्युकेमिया इनहिबिटरी फॅक्टर, आणि तिसरे इन्सुलिनसारखे ग्रोथ फॅक्टर-१. ही नावे फसवी आहेत. पहिले तंतुजनक पेशींची वाढ करते म्हणून, दुसरे रक्ताच्या कर्करोगातील काही पेशींना आवरते म्हणून, आणि तिसरे इन्सुलिनसारखे दिसते म्हणून, अशी ती पडली. प्रथिनाला नाव मिळते ते ज्या घरी ते प्रथम भेटले त्या घरावरून. त्याचा संचार मात्र सर्व गावभर असतो.

परिणाम असा झाला की वयात न आलेल्या माद्यांची बीजांडेही अधिक संख्येने पक्व झाली. फलनानंतर पोकळ चेंडूसारख्या, म्हणजे ब्लास्टोसिस्टच्या, अवस्थेपर्यंत पोचणाऱ्या गर्भांचे प्रमाण दुप्पट झाले. हे गर्भ डुकरिणींच्या गर्भाशयात सोडले, तेव्हा एका वेतातील पिलांची सरासरीही दुप्पट होऊन नवाच्या आसपास गेली. दुप्पटीची दुप्पट म्हणजे चौपट; गोळा केलेल्या प्रत्येक बीजांडामागे चौपट पिले मिळाली.

चौपटीच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते त्यामागील कारण. ह्या द्रावणात क्युम्युलस पेशी पुष्कळच अधिक फुलल्या. त्यांच्या आत संदेश पुढे नेणारी विकरांची जी साखळी असते, तिची चढउतार वेगळ्या गतीने झाली. आणि त्यांचे बीजांडात शिरलेले तंतू लवकर तुटले. वरवर पाहता हे विपरीत वाटते. दाईचा हात लवकर सुटला, तर बीजांड दुबळे व्हायला हवे. पण येथे हात सुटला तो काम पुरे करून सुटला, असे दिसते. पिंकस ह्यांच्या बशीत बीजांड एकाकी पडून जागे झाले होते. मिसुरीच्या बशीत ते सोबतिणींशी बोलून, त्यांचा निरोप घेऊन जागे झाले. संबंध जोडण्याला जशी वेळ असते, तशी तोडण्यालाही असते, आणि ती वेळ प्रथिने सांगतात.

बीजांड पिकले, गर्भ झाला, तरी प्रथिनांचे बोलणे संपत नाही. सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ कवच फोडून बाहेर येतो आणि गर्भाशयात तरंगत राहतो. दहाव्या-अकराव्या दिवशी तो सुमारे एक सेंटिमीटरचा गोळा असतो. मग अकस्मात तो लांबू लागतो. तासाला तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर ह्या वेगाने तो सुतासारखा ताणला जातो, आणि सोळाव्या दिवसापर्यंत जवळजवळ मीटरभर लांब होतो. अशा रीतीने प्रत्येक गर्भ गर्भाशयाच्या भिंतीवरील आपली जागा धरतो व आईला आपल्या अस्तित्वाची खूण पटवतो. ती पटली नाही तर डुकरीण पुन्हा माजावर येते. चारांहून कमी गर्भ असले तर बहुधा गाभ टिकतच नाही.

ह्या लांबण्याच्या वेळी गर्भ इंटरल्युकिन-१ बीटा-२ हे प्रथिन विपुल स्रवतो. दाह आणि ताप ह्यांच्याशी संबंधित असलेल्या एका जुन्या प्रथिनाचीच ही दुसरी आवृत्ती आहे; डुकराच्या वंशात जनुक दुणावून ती निर्माण झाली. २०१८ साली मिसुरीच्याच संशोधकांनी ते जनुक काढून टाकलेले गर्भ तयार केले, तेव्हा गर्भ वाढले, पण लांबलेच नाहीत. पुढल्याच वर्षी गर्भाची इस्ट्रोजेन बनवण्याची शक्ती काढून पाहण्यात आली. आईला पहिली खूण इस्ट्रोजेनच पटवते, असे पाठ्यपुस्तके चाळीस वर्षे सांगत होती. तरीही गर्भ लांबले आणि गाभ आरंभी टिकला. तो गेला नंतर. एका संप्रेरकाच्या नावावर लिहिलेले श्रेय अनेक संदेशांत वाटून द्यावे लागले.

ह्या सर्व खटाटोपाचा माणसाला उपयोग काय, असे विचारले जाईल. २००८ साली सिस्टिक फायब्रोसिस ह्या फुप्फुसाच्या आनुवंशिक रोगाचे जनुक असलेली डुकरे निर्माण झाली, आणि त्या रोगाचा उगम अभ्यासता येऊ लागला. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोर येथे दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रुग्णाला बसवण्यात आले. तो सुमारे दोन महिने जगला. मार्च २०२४ मध्ये बॉस्टन येथे अशाच डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत रुग्णाला देण्यात आले. त्यालाही पुढे दोनच महिन्यांचे आयुष्य लाभले. ही यशाची शिखरे नव्हेत, चढावरच्या पायऱ्या आहेत. अवयवाची वाट पाहत डायलिसिसच्या खाटेवर दिवस मोजणाऱ्या माणसाला त्या पायऱ्यांचे मोल कोणी समजावून सांगायला नको. आणि अशी डुकरे निपजवताना ज्या बीजांडांतून काम होते ती कच्ची राहिली, तर पुढची सारी कुशलता व्यर्थ जाते.

म्हणूनच शस्त्रक्रियागृहातील दिव्यांच्या झगमगाटाआधी एका अंधाऱ्या, उबदार पेटीतील चव्वेचाळीस तासांकडे लक्ष द्यावे लागते. तेथे काचेच्या बशीत डोळ्यांना न दिसणारी बीजांडे आपल्या सोबतिणींचे बोलणे ऐकत असतात. ते बोलणे पुरते झाले की सोबतिणी आपण होऊन दूर होतात. बागाईतदार पाडाची वाट पाहतो, ती उगीच नव्हे.